शिक्का पत्त्यावर, शिक्षा सगळ्यांना

फॉर्मची शेवटची तारीख कळवायला मी आदिलाबादहून ३० मुलांना मेल केला, आमच्या छोट्या ग्रुपच्या पत्त्यावरून. बहुतेक मेल परत आले. कारण एकच : तुमचा सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये आहे. मी ते दोन दिवसांनी पाहिलं. तोवर दोघांची तारीख हुकली होती.

आम्ही स्पॅम कधीच पाठवला नाही. मग यादीत कसे गेलो? यादीत माणसाचं नाव नसतं, आयपी पत्ता असतो. स्वस्त होस्टिंगवर एकाच पत्त्यावरून शेकडो वेबसाइटचे मेल निघतात. त्यातल्या एकाचा पासवर्ड चोरीला गेला, रातोरात हजारो फसवे मेल सुटले, की पत्ता सगळ्यांचाच बदनाम. कधी तर शेजारचे पत्ते धरून अख्खा गटच अडवतात.

यादीवाल्यांचंही ऐकू. १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहॉससारख्या संस्था नसत्या तर इनबॉक्स उघडवला नसता. गट अडवल्याशिवाय काही होस्टिंगवाले हलतही नाहीत. पण गावावर शिक्का बसला की माणसाला कुणी विचारत नाही, हे सीमेवरच्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून मागणं साधं आहे. यादीत घालणाऱ्याने कारण लिहावं, नाव काढायची वाट उघडी ठेवावी. होस्टिंगवाल्याने फसवं खातं लगेच बंद करावं. आपणही पासवर्ड जपावा, एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी नीट कराव्यात.

आणि तारखेची गोष्ट असेल तर फोन लावा. मी आता तेच करतो.