दोन खोल्यांना हॉटेल समजू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, परभणी
प्रत : पर्यटन संचालनालय, प्रादेशिक कार्यालय, छत्रपती संभाजीनगर

विषय : शेतात बांधलेल्या मुक्कामघरांची परवानगी, वीज व कर्ज याबाबत मागण्या

महोदय,

‘परभणीला राहायला कोण येणार?’ हा प्रश्न आम्हाला बँकेत विचारला गेला, सरकारी टेबलांवर विचारला गेला आणि खरे सांगायचे तर घरात ताटावर बसल्यावरही विचारला गेला. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्हीच हसत हसत जगभर पोचवली, तेव्हा दोष इतरांना कसा द्यावा? पण प्रश्नाला उत्तर आहे.

औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि नांदेडचा गुरुद्वारा ही तीन मोठी तीर्थे आपल्या जिल्ह्याच्या तीन अंगांना आहेत. तिन्ही करणारी गाडी परभणीवरून जाते, चहाला थांबते आणि पुढे निघते. जिल्ह्यातही पाथरीचे साई मंदिर, जनाबाईंचे गंगाखेड, चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी आणि धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर आहे. एवढे सगळे एका दिवसात पाहून होत नाही. हुरड्याच्या दिवसांत पुण्याहून येणारी कुटुंबे वेगळीच. त्यांतल्या बऱ्याच जणांचे मूळ गाव इथलेच. गावात भाऊबंद आहेत, देव आहे, पण वाटणीत आलेले माळवद बसले आणि मुक्कामाला छप्पर उरले नाही. नातेवाइकाकडे चार माणसे घेऊन उतरण्यापेक्षा त्यांना शेतातली भाड्याची खोली बरी वाटते. आमचा धंदा उभा आहे तो प्रामुख्याने या पाहुण्यांवर.

हा धंदा किती लहान आहे, ते आधी आकड्यांत पाहावे. पुढचा हिशेब नमुन्याचा आहे, पण आमच्यापैकी कोणालाही तो परका वाटणार नाही. न्हाणीघरासह दोन खोल्या, खर्च नऊ लाख, त्यात कर्ज सहा लाख. भाडे खोलीमागे रात्रीला 1,500 रुपये. वर्षात 60 रात्री दोन्ही खोल्या भरल्या तर हाती 1,80,000. बुकिंग ॲपवरून आले तर 15 टक्के दलालीचे 27,000 गेले. झाडलोट, धुणे आणि मदतनीस बाईची मजुरी 36,000. वीज, डागडुजी, गाद्या-चादरी 30,000. उरले 87,000. सहा लाखांवर 11 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज 66,000. शिल्लक 21,000, आणि त्यातून अजून मुद्दल फेडायचे आहे. म्हणून मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून जमीन गहाण टाकणाऱ्या तरुणांना आम्हीच थांबा म्हणतो. ज्याची शेती चालते आणि ज्याच्या घरची माणसे राबायला तयार आहेत, त्याच्यासाठी हा जोडधंदा आहे. नुसत्या गुंतवणुकीचा हा धंदा नाही.

आता मागण्यांकडे येतो.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 28 सप्टेंबर 2020 च्या शासन निर्णयाने आले. शेतकऱ्याने आपल्या शेतात मोजक्या खोल्या बांधून पाहुणे ठेवावेत, हे त्याचे सार. पण शेतातल्या दोन खोल्यांना बिगरशेती परवानगी लागते की नाही, या एका प्रश्नाचे उत्तर आम्हाला टेबलागणिक वेगळे मिळते. आमच्यापैकी एकाला एका कार्यालयात ‘लागत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. बांधकाम जोत्यापर्यंत आल्यावर दुसरीकडून नोटीस आली. जोते अजून तसेच आहे, त्यावर यंदा शेळ्या बसतात. आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही : चार खोल्यांपर्यंतच्या, मालक स्वतः राहत असलेल्या शेतघरासाठी कोणती परवानगी लागते, कोण देतो आणि किती दिवसांत देतो, याचे जिल्ह्यासाठी एकच लेखी परिपत्रक काढावे. तोंडी उत्तरावर आम्ही यापुढे एक वीटही रचणार नाही.

दुसरी मागणी बांधकामाची आहे, आणि ती ऐकून घेतली जाईल याची आम्हाला खात्री नाही, म्हणून जरा सविस्तर मांडतो. आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत हात जातो. कोकणातला लाकडी केबिनचा आराखडा इथे उचलून आणला की दुसऱ्या उन्हाळ्यात दार चौकटीत अडकते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. पाया मुरमापर्यंत नेला आणि जोत्याला सळयांचा पट्टा बांधला तर घर टिकते, पण खर्च वाढतो. वर पत्रा टाकला तर मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेल्यावर दुपारी दोन वाजता खोलीत मेणबत्ती वाकते. आमच्या आज्यांनी हा प्रश्न माळवदाने सोडवला होता : जाड मातीच्या भिंती, सागाची तुळई, वर मातीचा थर. आत शिरले की उन्हाचा विसर पडे. पण मातीच्या भिंतीला बँकेच्या मूल्यांकनात ‘कच्चे बांधकाम’ म्हणतात आणि कर्ज नाकारतात. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. काळ्या जमिनीसाठी आणि आपल्या उन्हासाठी दोन खोल्यांच्या माळवदी घराचा प्रमाणित आराखडा त्यांच्याकडून करून घ्यावा आणि जिल्हा अग्रणी बँकेने तो कर्जासाठी मान्य करावा. ज्या विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे ज्वारीचे वाण दिले, त्याला हुरडा खायला येणाऱ्यांच्या घराचा आराखडा जड जाऊ नये.

वीज. शेतीच्या फीडरला दिवसातून आठेक तास पुरवठा. त्यावर पंप चालतो, पाहुणा राहत नाही. आमच्यापैकी काहींनी पंपाच्या जोडणीवरून खोलीत दिवे लावले, ते चूक होते आणि आम्ही ते बंद करायला लावले. पण रीतसर जोडणी मागितली की व्यापारी दराची. वर्षातले 300 दिवस कुलूप असलेल्या खोलीला दुकानाचा दर लावू नये. नोंदणीकृत मुक्कामघराला घरगुती दराने स्वतंत्र जोडणी द्यावी.

कर्जाबाबत केंद्राच्या 2025 च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत मिळते, 12 टक्क्यांच्या मर्यादेत. हे धोरण चांगलेच आहे. अडचण आमच्या घरातली आहे : भाकरी थापणारी, चादरी धुणारी, पाहुण्याचा फोन घेणारी ती, आणि सातबारा त्याच्या नावावर. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना आहेच. तिची शिबिरे आणि ‘आई’ची नोंदणी एकाच दिवशी, एकाच मांडवात, नऊही तालुक्यांत घ्यावी.

जीएसटीचा विषय आपल्या अखत्यारीत नाही, तरी वर कळवावा : वर्षाला 20 लाखांच्या आतल्या मालकाला नोंदणी माफ आहे, पण बुकिंग ॲपवरून आले की ॲप तोच कर पाहुण्याकडून वसूल करते. सूट कागदावर राहते.

आमच्यावरही बंधने घालावीत. प्रत्येक पाहुण्याची ओळखपत्रासह नोंद, सांडपाण्याला शोषखड्डा, गोदावरी व पूर्णेच्या निळ्या पूररेषेत बांधकाम नाही, येलदरी धरणाच्या पाण्यावर लाइफ जॅकेटशिवाय कोणाला नेणे नाही. हे मोडणाऱ्या मालकाची नोंदणी रद्द करा, आम्ही त्याची बाजू घेऊन येणार नाही.

हुरड्याचा हंगाम तोंडावर आहे. त्याआधी महसूल, वीज, बँक आणि पर्यटन या चारही विभागांची एकत्र बैठक लावावी, आणि जमले तर ती दालनात न घेता आमच्या एखाद्या शेतावर घ्यावी. पत्र्याची खोली आणि माळवदाची खोली शेजारी शेजारी आहेत. दोन्हींत दहा दहा मिनिटे बसून पाहावे. जेवणाची सोय आमच्याकडे. बिल मात्र रीतसर देऊ.

आपले,
शेतातील मुक्कामघरांचे चालक-मालक, परभणी जिल्हा