दिवा थोडा उशिरा मालवा

सुट्टीत नात आमच्याकडे असोद्याला येते. घरात चौविहार, प्रतिक्रमण आटोपले की रात्र मोठीच मोठी. परवा अकरा वाजले तरी ही ‘श्यामची आई’ घेऊन बसलेली. दिवा बंद करायला उठले आणि थांबले.

मुलाच्या लहानपणी मी नऊलाच दिवा मालवायचे. “अभ्यासाचं आहे का ते?” हा माझा ठरलेला प्रश्न. आज तो दुकानाच्या वह्यांपलीकडे काही वाचत नाही. त्यात माझा वाटा आहे, असे मला वाटते.

बहिणाबाई चौधरी याच गावच्या लेक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली म्हणून ती राहिली. पुस्तक निघाले १९५२ साली, त्या गेल्यावर. त्यांच्या गावात वाचणाऱ्या मुलीचा दिवा मी मालवू?

ज्ञानपंचमीला आपण पुस्तके पूजतो आणि एरवी वाचणाऱ्या पोरीला रागावतो. शाळेच्या दिवसांत वेळेवर झोप हवीच, मान्य. पण शनिवारी, सुट्टीत वाचू द्या. उजेड चांगला असावा. मोबाइल मात्र माझ्या उशाशी.

नात बाराला झोपली, सकाळी उशिरा उठली. नवकारशी आपोआपच झाली!