हरताळ, प्रकाश आणि एकट्या नायकाची कथा

१/ ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार पोथ्यांच्या लेखनातून आला. लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप दिला जाई आणि तो वाळल्यावर नवे अक्षर लिहिले जाई. रसायनशास्त्राच्या भाषेत हरताळ म्हणजे आर्सेनिक ट्रायसल्फाइड. याच पदार्थाच्या काचेवर विसाव्या शतकात प्रकाशाने लिहिले गेले. त्या शोधाचा इतिहास मात्र बहुधा अर्धाच सांगितला जातो.

२/ गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम यांचा आर्सेनिक, जर्मेनियम अशा मूलद्रव्यांशी संयोग करून तयार होणारी काच म्हणजे कॅल्कोजेनाइड काच. खिडकीच्या काचेप्रमाणे हिच्याही अणूंना स्फटिकाची शिस्त नसते. फरक एवढाच, की प्रकाश हिची अंतर्रचना बदलू शकतो.

३/ आर्सेनिक ट्रायसल्फाइडच्या पातळ थरावर त्याला शोषता येईल असा प्रकाश पाडला की अणूंची मांडणी किंचित बदलते आणि थर काळवंडतो. काच मऊ होण्याच्या तापमानाजवळ तो तापवला की काळिमा बव्हंशी ओसरतो. १९७१ मध्ये केनेमन यांनी अशाच थरात होलोग्राम साठवल्याचे प्रसिद्ध केले.

४/ टेल्युरियमयुक्त काचांत बदल याहून मोठा असतो. लेझरच्या उष्णतेने ठिपक्याएवढा भाग स्फटिकरूप होतो. तोच भाग वितळवून झटकन थंड केला की पुन्हा काच होते. स्फटिक व काच प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करतात. पुनर्लेखनक्षम सीडी आणि डीव्हीडी याच तत्त्वावर चालतात.

५/ आता प्रचलित कथा. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की हे अमेरिकेतील यंत्रकारागीर. महाविद्यालयीन पदवी नाही. १९६८ मध्ये त्यांनी अशा काचांतील विद्युत्-स्विचिंगवर निबंध प्रसिद्ध केला आणि एका रात्रीत गाजले. या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले. कथा आकर्षक आहे आणि तिच्यातील प्रत्येक तपशील खरा आहे.

६/ पण तिची सुरुवात खोटी आहे. १९५५ मध्येच लेनिनग्राडच्या इयोफे संस्थेत नीना गोर्युनोव्हा आणि बोरिस कोलोमिएत्स यांनी कॅल्कोजेनाइड काचा अर्धवाहक असतात, हे दाखवून दिले होते. अर्धवाहकासाठी स्फटिकाची शिस्त हवीच, या समजाला तिथे तडा गेला. त्या पायाशिवाय पुढील इमारतीचा अर्थच लागत नाही.

७/ गोर्युनोव्हा १९७१ मध्ये वारल्या. त्याच वर्षी फाइनलाइब, डिन्यूफव्हिल, मॉस आणि ओव्हशिन्स्की यांनी प्रकाशाने होणाऱ्या शीघ्र व उलटवता येणाऱ्या स्फटिकीकरणाचा निबंध प्रसिद्ध केला. एका निबंधावर चार नावे. लोकप्रिय कथेत उरते एक. पुढे जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत नोबोरू यामादा व सहकाऱ्यांनी जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचे वेगाने स्फटिकरूप होणारे मिश्रण विकसित केले. त्यांचे नाव तर क्वचितच ऐकू येते.

८/ यात ओव्हशिन्स्कींचे मोठेपण कमी होत नाही. या काचेत स्मृती साठवता येईल, ही दूरदृष्टी त्यांचीच. प्रश्न इतिहासलेखनाचा आहे. शीतयुद्धाची भिंत, रशियन भाषेचा अडसर आणि एकट्या नायकाची आपली हौस, या तिघांनी मिळून लेनिनग्राडच्या पानावर हरताळ फासला.

९/ पोथीवरचा हरताळ जागोजागी विरळ झालेला असतो आणि खालचे अक्षर डोकावते. साक्षेपी संपादक ते अक्षरही टिपून ठेवतो. विज्ञानाच्या इतिहासाचे धागे लिहिणाऱ्या तरुण अभ्यासकांनीही तेवढा साक्षेप बाळगावा. ‘हा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला एकच नाव उत्तर म्हणून आले, तर लेपाखाली आणखी काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.