कुलूप पेटंटाचे की संकराचे?

'डंकेल' हा शब्द 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारावरही पोचला होता. परदेशी कंपन्या बियाण्यावर पेटंट घेतील आणि घरची सरकी पेरण्याचीही चोरी होईल, असे एक पक्ष सांगे. जगातले तंत्रज्ञान शेतकऱ्याच्या हाती येऊ द्या, असे दुसरा पक्ष म्हणे; शरद जोशी त्याचे अग्रणी. या वादाला तीस वर्षे उलटली. आज हिशेब मांडला, तर वाद पेटंटाभोवती फिरत राहिला आणि कुलूप मात्र दुसऱ्याच दाराला लागले, असे मला दिसते.

आधी कायदा पाहू. 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, इतकेच काय, विकण्याचाही हक्क दिला. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. पेटंट कायदाही वनस्पतीला आणि बियाण्याला पेटंट नाकारतो. मोन्सँटोला 2008 मध्ये भारतात पेटंट मिळाले ते बोलगार्ड-2 मधल्या जनुकाशी निगडित. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते रद्द ठरवले, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण परत पाठवले, आणि 2021 मध्ये मोन्सँटो व नुजिवीडू सीड्स यांनी आपसात तडजोड केली. बियाण्यातल्या जनुकावर मालकी चालते का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

पण गंमत अशी, की 2002 मध्ये आलेल्या पहिल्या बोलगार्डला भारतात पेटंट नव्हतेच! तरीही सोळाशे रुपयांच्या वर विकल्या जाणाऱ्या पाकिटातले 1250 रुपये तंत्रज्ञानाचे शुल्क होते. जनुक एका कंपनीच्या हाती, आणि बियाणे कंपन्या तिच्याशी करारांनी बांधलेल्या. एवढे पुरेसे होते. 2006 मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा पाकीट 750 रुपयांवर आले. पुढे केंद्राने 2016 मध्ये हे शुल्क 49 रुपयांवर आणले आणि 2020 मध्ये शून्य केले.

मग आमचा शेतकरी मोकळा झाला का? नाही. मृगाच्या तोंडावर तो आजही कृषी केंद्रापुढे उभा असतो. 2020 मध्ये 730 रुपयांचे पाकीट 2024 मध्ये 864 रुपयांचे झाले. कारण ते बियाणे संकरित आहे. त्याची सरकी राखून पेरली, तर पुढच्या वर्षी एक झाड उंच, एक खुजे, बोंडांचा मेळ नाही. कायद्याने दिलेला हक्क बियाणेच हिरावून घेते. त्यासाठी ना वकील लागतो, ना कोर्ट. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया कापसाचे सरळ वाण पेरतात. आपण मात्र संकराच्या वाटेने गेलो. ती वाट कंपन्यांनी काढलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1970 मधला 'एच-4' हा पहिला संकर सुरतच्या सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. कंपन्यांनी त्या वाटेवर नाके उभारले, इतकेच.

किल्ली घडवण्याचा एक प्रयत्न झाला होता. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बिकानेरी नरमा या सरळ वाणाचे बीटी बियाणे 2009 च्या हंगामात शेतकऱ्यांपर्यंत नेले. त्यात मोन्सँटोचेच जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. नंतर सरळ बीटी वाण आले. पण तोवर दुकानाच्या फळ्या संकरितांनी भरल्या होत्या.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-2 ला दाद दिली नाही. नुकसान मात्र शेतकऱ्याच्या पदरी पडले. आज तणनाशक सोसणारे बेकायदा 'चोर बीटी' गावोगाव मिळते. त्या पाकिटाला ना पावती, ना कोणाची हमी.

म्हणून केवळ किंमत बांधून भागणार नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची संस्था यांनी कोरडवाहू जमिनीसाठी लवकर येणारे, दाट पेरता येणारे सरळ वाण पुरेशा प्रमाणात तयार करावेत, आणि सरकारने ते पेरणीआधी प्रत्येक तालुक्यात पोचवावेत. सरकी राखायची की विकत घ्यायची, हे ज्या दिवशी शेतकरी स्वतः ठरवील, त्या दिवशी 2001 चा कायदा आमच्या जिल्ह्यात खऱ्या अर्थाने लागू झाला असे मी म्हणेन.