निर्ढावलेला की भेदरलेला?

बालगुन्हेगाराचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "गुन्हा करताना मोठा आणि शिक्षेच्या वेळी लहान?" मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हापासून तर या वाक्याला धारच चढली. त्या निबंधाची चीड मलाही आली. पण त्या एका पोराकडे बोट दाखवून सगळ्याच पोरांचा निवाडा करायचा, हे मला मान्य नाही. निरीक्षणगृहात येणारी मुले पोर्शेतून येत नाहीत हो!

ती कुठून येतात? शिकागोतल्या अशा बंदिस्त मुलामुलींचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९२.५ टक्के मुलांनी निदान एक तरी भयंकर आघात सोसला होता. दर नवांत एकाला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' जडलेला होता. शिकागो म्हणजे गोवा नव्हे, कबूल. पण घरात रोज मार खाल्लेल्या पोराचे मन तिथे एक आणि इथे दुसरे, असे थोडेच असते?

या आजाराला १९८० मध्ये हे नाव मिळाले, ते मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांमुळे. सैनिक फटाक्याच्या आवाजाने दचकला तर आपण हळहळतो. सोळा वर्षांचा पोर मात्र कोणी नुसता हात उगारला म्हणून अंगावर धावून गेला, की तो मवाली. मंडळासमोर दगडासारखा उभा राहिला, की निर्ढावलेला. घडलेले तुटक, मागेपुढे सांगितले, की खोटारडा. आजाराची लक्षणे आपण स्वभाव म्हणून वाचतो!

आणि या वाचनावर बरेच काही ठरते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, सोळा वर्षांवरील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ पाहते : गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडले. मग त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. मंडळात बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. छान झाले. पण भर राहतो तो क्षमतेवर. सतत भेदरलेल्या पोरालाही सुरी उचलण्याची क्षमता असतेच की!

परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालात मुलाचा छळ झाला होता का, असा रकाना आहे. मी सरकारी कारकून, रकान्यांचे पुढे काय होते ते मला कोणी सांगायला नको. खूण होते, सही होते, फाईल सरकते.

२००३ च्या गोवा बालकायद्याचा आपल्याला केवढा अभिमान! दहाव्या वर्षी मार खाणारा मुलगा त्या कायद्याच्या लेखी पीडित. तोच सोळाव्या वर्षी 'विधिसंघर्षग्रस्त' (काय शब्द!) झाला की पहिली फाईल कोणी उघडून बघायची?

"मग ज्याचा जीव गेला त्याच्या आईचे काय?" असे कोणी विचारील. रास्त आहे. तपासणी म्हणजे सुटका नव्हे, खटला चालायचा तो चालेलच. पण त्या रकान्यात 'होय' पडले, तर क्षमतेचा अहवाल मागवण्याआधी त्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. आणि तिथे तो जे बोलेल, ते त्याच्याविरुद्धच्या कागदात जाता कामा नये.