थांबलेले उपचार आणि मुलांचे हक्क



२४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. एस. टी. थांबली, मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांस बंद झाली, शाळांची दारे मिटली. साथ रोखण्यासाठी निर्बंध आवश्यक होते, याविषयी आमचा वाद नाही. परंतु मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्यांचे हातपाय त्यांच्या इच्छेस जुमानत नाहीत, अशा असंख्य बालकांचे व्यायामोपचारही त्यासरशी थांबले. त्याची दखल किती जणांनी घेतली?

हे उपचार म्हणजे चैन आहे काय? मेंदूची इजा वाढत नाही, परंतु मूल वाढते. हाडे लांबतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. मग टाच जमिनीस टेकेनाशी होते, गुडघा वाकलेला राहतो, चालू न शकणाऱ्या मुलाचा खुबा खोबणीतून सरकू लागतो. योग्य बैठक, उभे राहण्याचा सराव, पायाच्या मापाचा आधारपट्टा आणि खुब्याची क्ष-किरण तपासणी ही वेळच्या वेळी झाली, तर हानी लवकर ध्यानात येते व पुष्कळशी आवरता येते. बुडालेला धडा पुढील वर्षी वाचता येतो; पक्क्या आखडलेल्या सांध्यास मात्र कित्येकदा शस्त्रक्रियेवाचून उपाय उरत नाही.

फोनच्या पडद्यावरून व्यायाम शिकविण्याचा मार्ग त्या काळात निघाला. तो निरुपयोगी नव्हता. परंतु ज्या घरात खोली एक, फोन एक आणि रोजगार बुडालेला, तेथे तो कितीसा पुरणार? तोकडा झालेला पट्टा पडद्यावरून बदलता येत नाही. सारा भार मातेच्या पाठीवर पडला, आणि त्यालाच व्यवस्था असे नाव मिळाले!

कायदा मुका नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ८ आपत्तीच्या काळी दिव्यांगांना समान संरक्षण देते. कलम २७ शासन व स्थानिक संस्था यांच्यावर, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, पुनर्वसनाची जबाबदारी टाकते. ही मर्यादा पळवाट होता कामा नये. ज्या संरक्षणाची गरज आपत्तीतच पडते, ते आपत्तीचे निमित्त सांगून नाकारणे हा न्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुलांचे गेलेले महिने मात्र परत आले नाहीत. हे त्यांचे नशीब, असे सांगून कोणी तुमची समजूत घालील. ती मानू नका. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. शासकीय रुग्णालयात त्याचे सांधे व खुबा यांची तपासणी मागा. घरचे व्यायाम आईबरोबर बापानेही शिकून घ्यावेत. आणि ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस चार घरांनी मिळून लेखी विचारा: पुन्हा रस्ते बंद झाले, तर आमच्या मुलांचे उपचार कोण, कोठे व कसे चालू ठेवणार?

उत्तर लेखीच मागा. दया करणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काला उत्तर द्यावे लागते.