बनवाबनवी आणि आमची ट्रंक



गेल्या मे महिन्यात आमच्या जळगावच्या वस्तीतील विहारात मुलांचे उन्हाळी शिबिर झाले. दुपारी ऊन असे की मैदानात पाय टेकवत नव्हता. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी मुलांना ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवायचे ठरवले. खरे सांगायचे तर हौस आमचीच. १९८८ सालचा हा चित्रपट आम्ही लहानपणी असाच शिबिरात, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता. ऐन डोहाळजेवणात लाईट गेली, ती रात्री आली!

सचिनचे दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे लेखन, अशोक सराफ तर अशोक सराफच. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले, पण त्यांचे साडीतले लाजणे पाहून आजची पोरेही सतरंजीवर लोळली. सरपोतदारांचे सत्तर रुपये बुडाले तेव्हा तर विचारूच नका.

गोष्ट घराचीच. पुण्यात खोली मिळेना, लीलाबाईंना जोडपीच हवीत, म्हणून सुधीर आणि परशा बायका होतात. चित्रपट संपला आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, लीलाबाईंनी यांना जात कशी नाही विचारली?” तिची बहीण धुळ्याला शिकते, खोली शोधते आहे. सकाळीच आम्ही सांगितले होते की १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव लावून सराईत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पोरीने बरोबर सांधा जुळवला.

आम्ही विषय बदलणार होतो. तेवढ्यात कणीक मळत बसलेल्या आमच्या पत्नीने तोंड उघडले. “तुमच्या काकांनी पण केलीये बनवाबनवी!”

२००७ साली आमची धुळ्याला बदली झाली. लग्न नवीन. आमचे आडनाव कुठेही खपणारे. घरमालकाने पुढे विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. सात महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या साड्यांखाली. चौदा एप्रिलला दार लावून ट्रंक उघडली, मेणबत्ती लावली, ट्रंक बंद केली. पुढे मेहुणा आला आणि जिन्यातूनच जोरात ‘जयभीम’ म्हणाला. त्याच आठवड्यात मालकांच्या पुतण्याला ती खोली हवी झाली.

हे आम्ही या सदरात आजवर लिहिले नव्हते. मेहुण्याची चूक म्हणून सांगत आलो होतो.

पोरे मात्र हसली. मेहुण्यावर नव्हे, आमच्यावर. आम्हालाही हसू आले, थोडे उशिरा.

समारोपाला त्यांनी याच गोष्टीची नाटिका बसवली. साडी कोणी नेसायची यावर दोन मुलांत भांडण झाले, दोघांनाही नेसायची होती. लीलाबाईंचे काम त्या सातवीतल्या मुलीने मागून घेतले. दार उघडून तिने पहिलाच प्रश्न टाकला, “आडनाव?” भाडेकरूने काय उत्तर द्यायचे, यावर रात्री अकरापर्यंत वाद चालला होता. आम्हाला त्यात बोलू दिले नाही.